दुर्गा, परळ आणि एक वही

भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी कुठे जन्मली? आमच्या घरात कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: केईएममध्ये, ६ ऑगस्ट १९८६ रोजी, डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून. आम्ही मूळचे परळचे, त्यामुळे त्या उत्तरात थोडा गल्लीचा अभिमानही असतो. उत्तर चुकीचं आहे असंही नाही, कागदोपत्री ते बरोबरच आहे. पण याच परळमधल्या एका शास्त्रज्ञाने पुढे स्वतःच त्याला दुरुस्ती सुचवली. ती गोष्ट मला जास्त आवडते.

२५ जुलै १९७८ ला इंग्लंडमध्ये ओल्डहॅमला लुईस ब्राऊन जन्मली. स्टेप्टो, एडवर्ड्स आणि (बहुतेक लोक विसरतात ती) जीन पर्डी यांची ती कमाई. त्यानंतर अवघ्या सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, कलकत्त्यात एक मुलगी जन्मली. दुर्गापूजेचे दिवस, म्हणून तिला 'दुर्गा' म्हणू लागले. तिच्यामागे होते डॉ. सुभाष मुखोपाध्याय. कलकत्ता आणि एडिंबरा अशा दोन पीएचडी असलेला शरीरक्रियाशास्त्राचा प्राध्यापक. सोबत सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांती भट्टाचार्य. बस्स, तिघंच.

आता थोडं तांत्रिक सांगतो, कारण खरी गंमत तिथेच आहे. इंग्रज मंडळींनी आधी संप्रेरकं देऊन जास्त बीजं मिळवली होती, पण गर्भ रुजेनात. शेवटी त्यांनी तो नाद सोडला आणि नैसर्गिक चक्रातलं एकुलतं एक बीज पकडायला ते रात्रंदिवस लघवी तपासत बसले. सुभाषबाबूंनी उलटा विचार केला. संप्रेरकं द्यायची, पण त्याच महिन्यात गर्भ ठेवायचाच नाही! आठ पेशींचा गर्भ गोठवून ठेवायचा आणि गर्भाशय नेहमीच्या स्थितीत आलं की पुढच्या एखाद्या नैसर्गिक चक्रात आत सोडायचा. त्यांनी तो ५३ दिवस गोठवून ठेवला. बीज काढायला दुर्बीणही वापरली नाही, योनिमार्गाने काढलं. गोठवलेल्या गर्भातून बाळ जन्मल्याची ऑस्ट्रेलियातली प्रसिद्ध घटना १९८४ ची आहे. आज कुठल्याही वंध्यत्व केंद्रात 'फ्रोझन ट्रान्सफर' हा रोजचा शब्द आहे.

मग झालं काय? नोव्हेंबर १९७८ मध्ये राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. अध्यक्ष होते रेडिओफिजिक्सचे तज्ज्ञ. (हो, रेडिओफिजिक्स!) समितीने दावा खोटा ठरवला. समितीला पुरावा हवा होता आणि मुलीच्या आईवडिलांना नाव बाहेर जायला नको होतं.

इथे मला त्या आईवडिलांना दोष द्यावासा वाटत नाही. आपल्याकडेच बघा ना. आईच्या पिढीत मूल नसलेली बाई बारशाला आली तर पाळण्याजवळ जाताना स्वतःच दोन पावलं मागे राहायची, कुणी काही बोलायची गरजच नसायची. कूस उजवली म्हणून पेढे वाटायचे. पण ती 'कशी' उजवली हे कुणाला कळलं तर त्या पोरीच्या लग्नापर्यंत कुजबुज पुरली असती. डॉक्टरांनी ते झाकलं. त्याची किंमत स्वतः मोजली. माझ्या मते रुग्णाचा शब्द पाळण्याचं याहून मोठं उदाहरण आपल्या वैद्यकाच्या इतिहासात शोधावं लागेल.

१९७९ साली जपानहून आमंत्रण आलं, सरकारने जाऊ दिलं नाही. जून १९८१ मध्ये त्यांची बदली झाली डोळ्यांच्या संस्थेत. १९ जूनला त्यांनी आयुष्य संपवलं. वय पन्नास. तपन सिन्हांचा 'एक डॉक्टर की मौत' (१९९०) याच आयुष्याची सावली घेऊन आला. पंकज कपूरसाठी तरी बघाच.

आणि आता परळ. केईएमच्या यशात तिथल्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार बरोबरीचे भागीदार होते. 'पहिले' हा मान हिंदुजांइतकाच त्यांचाही. १९९७ साली ते कोलकात्याला गेले असताना सुभाषबाबूंची हस्तलिखित टिपणं त्यांच्या हाती आली. त्यांनी ती बारकाईने तपासली, आणि 'करंट सायन्स'मध्ये सरळ लिहिलं की भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे शिल्पकार मुखोपाध्याय होते. कुणी मागितलं नव्हतं. वही बंद करून परत दिली असती तरी परळचा मान शाबूत राहिला असता. ऑफिसात साध्या अहवालावर पहिलं नाव कुणाचं यावरून आठवडाभर अबोला धरणारी माणसं मी पाहिली आहेत. असो.

तरी हिंदुजा-आनंदकुमारांचं काम उणं ठरत नाही. तपासता येतील अशा नोंदी ठेवून झालेला पहिला जन्म केईएमचाच, आणि पुढे इतर डॉक्टर शिकले ते त्याच वाटेने.

दुर्गा २००३ साली, पंचविसाव्या वाढदिवसाला, आपल्या खऱ्या नावाने लोकांसमोर आली. सुभाषबाबूंना जाऊन तेव्हा बावीस वर्षं झाली होती.