सापसुरळी कागदावर का सापडत नाही?

पीएच.डी.च्या मुलाखतीत मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता: 'पाळीव प्राण्यांचा इतिहास ठीक आहे, पण सापसुरळी कुणी पाळते का?' पॅनेलवरचे दोघे हसले. मी उत्तर दिलं ते अर्धवट दिलं. जे सांगायला हवं होतं ते आता लिहितेय, कारण तुमच्यापैकी बरेच जण सध्या आराखडा लिहिताय आणि 'साधनंच नाहीत' या वाक्यावर अडकलाय.

आधी मूळ प्रसंग. ऑगस्ट २०१९. नृसिंहवाडीत दरवर्षी कृष्णेचं पाणी देवळात येतं, पादुकांवरून जाऊन दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं, आणि त्या दक्षिणद्वाराच्या स्नानाला लोक लांबून येतात. त्या वर्षी मात्र पाणी देवळापुरतं थांबलं नाही. आम्ही छावणीतून परतलो तेव्हा घरात चिखल होता आणि भिजलेल्या सरपणाखाली शेपूट तुटलेली एक सापसुरळी. काकूनं खराटा उचलला. आजी म्हणाली, "मारू नगंस गं, सापाची मावशी हाय ती."

आजीनं तडा गेलेला माठ घेतला, तळाला वाळूमिश्रित माती, वर पालापाचोळा. माठ सोप्यात अशा जागी ठेवला की सकाळचं ऊन अर्ध्याच भागावर पडेल. आत पन्हाळी कौलाचा एक तुकडा लपायला, पाण्याला पणती. रोज झुरळं, नाकतोडे. हात लावायचा नाही. साधारण तीन आठवडे ती तिथं होती. नंतर मी वाचलं की शेपटीत चरबीचा साठा असतो, ती गेली की जनावराला जास्त खावं लागतं. नवी शेपूट येते, पण तिच्यात मणके नसतात, कूर्चा असते. ऊन-सावलीचं म्हणाल तर सरड्याच्या जातीला अंग तापवायला आणि निववायला दोन्ही लागतं. आजीनं हे काही वाचलेलं नव्हतं.

आता दफ्तराकडे वळूया. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा आपल्याला माहीत आहे, कारण १७९० मध्ये गंगाराम तांबट यांनी त्याचं चित्र काढलं. मोठ्या जनावराला खुराक लागतो, माणूस लागतो, म्हणजे खर्च होतो, आणि खर्च झाला की कागद होतो. झुरळं खाणाऱ्या जनावराचा हिशेब कोण लिहिणार?

सापसुरळीच्या कुळातले प्राणी कागदावर येतात, पण मेल्यावर. युनानी औषधांत 'रेगमाही' म्हणून जो वाळलेला प्राणी विकला जाई तो वाळवंटातला, याच कुळातला. युरोपातल्या औषधांच्या दुकानांतही तो होता. दुसरी वाट बाटलीची. आपल्याकडच्या नेहमीच्या सापसुरळीला श्नायडरनं १८०१ मध्ये 'कॅरिनाटा' हे नाव दिलं, ते खवल्यांवरच्या कण्यांवरून. पुढे बूलेंजर (१८९०) आणि माल्कम स्मिथ (१९३५) यांच्या ग्रंथांत खवल्यांच्या रांगा मोजलेल्या मिळतात. १९७० मध्ये शर्मा यांनी पुण्याच्या नावानं एक जात नोंदवली. हे सगळं मोलाचं काम आहे, मी नावं ठेवत नाही. पण ही साधनं 'खवले किती' या प्रश्नाची आहेत. 'घरात तिचं काय केलं' हे त्यांना विचारून उपयोग नाही. साताऱ्यात जन्मलेल्या एडवर्ड अ‍ॅटकेन यांचं १८८३ चं पुस्तक घरातल्या उंदीर-पाली-मुंग्यांबद्दल आहे, तो अपवाद. पण ते घर म्हणजे साहेबाचा बंगला.

माझी चूक इथं झाली. पहिल्या आराखड्यात मी लिहिलं, 'मराठी घरांत सापसुरळी सांभाळण्याची परंपरा नव्हती.' पुरावा काय, तर नोंद नाही! मार्गदर्शकांनी समासात फक्त प्रश्नचिन्ह काढलं. मग मी उलट टोकाला गेले. 'मावशी' हा शब्दच जिव्हाळ्याचा पुरावा आहे, असं लिहिलं. पलीकडे कन्नडमध्ये तिला 'हावुराणी', म्हणजे सापांची राणी म्हणतात, तेही जोडलं. यावर त्यांनी विचारलं, देवीच्या रोगाला आपण 'देवी आल्या' म्हणायचो, तो जिव्हाळा होता का? नात्याचं किंवा मानाचं नाव भीतीपोटीही देतात. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

म्हणून रेकॉर्डर घेऊन आजीकडे गेले. विचारलं, "मावशी म्हणून जपलीस ना तिला?" आजी म्हणाली, "व्हय." मी खूश. दोन महिन्यांनी ती फाईल ऐकताना लक्षात आलं की उत्तर माझ्याच प्रश्नात होतं. पुन्हा गेले, या वेळी एवढंच विचारलं, "माठात का ठेवलीस?" तर म्हणाली, "पुरानंतर घरात किडं काय कमी होतं व्हय? ती खायाची. आन् शेपूट तुटल्यालं जनावर लई भुकेलं असतंय. आमची आईबी ठेवायची."

म्हणजे मावशीपण कुठं गेलं? दोन्ही उत्तरं खरी असू शकतात, पण प्रबंधात दोन्हींचं वजन सारखं नाही. आता माझ्याकडे एका घरातल्या दोन पिढ्या आहेत. 'परंपरा' हा शब्द मी काढला. तिसऱ्यांदा विचारायला आजी राहिली नाही, म्हणून सध्या शिरोळ तालुक्यातल्या पूरग्रस्त घरांत फिरतेय आणि सापसुरळीचं नाव न घेता विचारतेय: पाणी उतरल्यावर घरात काय काय सापडलं, आणि त्याचं काय केलंत?

(कुणी विचारण्याआधी: हे वाचून सापसुरळी धरून घरी आणू नका. परदेशी जाती पाळणाऱ्यांसाठी २०२४ पासून नोंदणीचे नियम आहेत, ते वाचा. आजीनं तर शेवटी माठ मळीच्या बांधावर नेऊन आडवा केला होता. सापसुरळी लगेच गेली नाही. आजी तिथंच चुळबुळ न करता बसून राहिली, आणि मी जेवायला घरी आले.)