माळवदावरची माती

गणपती विसर्जन झालं की त्या रात्री मला नीट झोप लागत नाही. घरात सगळ्यांना हे माहीत आहे. बायको आता काही विचारत पण नाही, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवते आणि झोपते. यंदाही पहाटे चारला जाग आली. म्हटलं, इतक्या वर्षांत हे कधी लिहिलं नाही, आता लिहून टाकू.

१९९३ साली अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरला होती. मी नववीत, सोलापूरला. मिरवणूक बघून मध्यरात्रीनंतर घरी आलो आणि गाढ झोपलो. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी फळीवरची भांडी वाजायला लागली. आधी वाटलं मांजर असेल. मग आईने हाताला धरून अंगणात ओढलं. दिवस उजाडल्यावर रेडिओवर किल्लारी, सास्तूर ही नावं कानावर यायला लागली. आईचं माहेर औसा तालुक्यात. त्यानंतरचे दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मामा स्वतः आला. आजी सुखरूप होती. घराला भेगा पडल्या होत्या, मागची भिंत फुगली होती, पण घर उभं होतं.

लातूर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यांत त्या पहाटे आठ ते दहा हजार माणसं गेली. भूकंप ६.२ तीव्रतेचा. जगात असे भूकंप दरवर्षी कितीतरी होतात आणि बरेचसे कोणाच्या लक्षातही राहत नाहीत. मग इथेच एवढी माणसं का गेली? पुढे मी स्ट्रक्चरल इंजिनिअर झालो. इमारती तपासायच्या आणि मालकाला न आवडणारी गोष्ट गोड शब्दांत सांगायची, हा माझा पोटापाण्याचा धंदा. पण या प्रश्नाचं उत्तर कॉलेजच्या आधी आजीच्या घरानेच दिलं होतं.

ज्यांनी मराठवाड्यातलं माळवदाचं घर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. भिंती दोन-अडीच फूट जाड, कधी त्याहून जास्त. बाहेरून दगडाचा एक पदर, आतून दुसरा, आणि मध्ये चिखल आणि दगडाच्या कपच्या. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा आरपार लांब दगड बहुतेक घरांत नसायचाच. वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर गार राहतं. दरवर्षी पावसाच्या आधी गळू नये म्हणून वर आणखी माती पडते. अशी दोन-तीन पिढ्यांची माती डोक्यावर साठते. जमीन हलली की भिंतीचे दोन पदर पुस्तकाच्या पानांसारखे सुटतात आणि ती सगळी माती झोपलेल्या माणसांवर येते. किल्लारीत बरीच माणसं दगडाने मेली, तशी मातीखाली गुदमरूनही मेली. जिथे छत लाकडी खांबांवर पेललेलं होतं, तिथे काही ठिकाणी भिंती पडून सुद्धा सांगाडा उभा राहिला.

आता नकाशाची गोष्ट. आपल्याकडे भूकंपाचं पहिलं मानक, आयएस १८९३, आलं १९६२ साली. तेव्हा दख्खनच्या मोठ्या भागाला भूकंपाची भीती नाही असंच धरलं होतं. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेने हा समज मोडला. १९७० मध्ये नकाशा बदलला, कोयनेचा भाग वरच्या विभागात गेला. किल्लारी मात्र विभाग एकमध्येच राहिलं, म्हणजे सगळ्यात कमी धोका. ऑक्टोबर १९९२ मध्ये तिथे धक्के बसले, लोक घाबरून काही दिवस बाहेर झोपले. पुढे काही मोठं घडलं नाही म्हणून घरात परतले. शेवटी २००२ च्या आवृत्तीत विभाग एक कायमचा काढून टाकला आणि किल्लारीचा परिसर विभाग तीनमध्ये आला. नऊ वर्षांनी.

पण खरं सांगू का, नकाशा आधीच बरोबर असता तरी आजीच्या घराला काय फरक पडला असता? मानक लिहिलं जातं इंजिनिअरसाठी. आजीचं घर गावच्या गवंड्याने बांधलं, त्याच्या बापाने शिकवलं तसं. तिथे ना नकाशा मंजूर झाला, ना कोणी तपासायला आलं. नियमाला ते घर दिसतच नव्हतं.

आणि उपाय माहीत नव्हता असं नाही. १९३१ मध्ये बलुचिस्तानात भूकंप झाला. त्यानंतर एस. एल. कुमार नावाच्या तरुण रेल्वे इंजिनिअरने क्वेट्ट्यात भूकंपाला टिकतील अशी रेल्वे क्वार्टर्स बांधली. ३१ मे १९३५ च्या पहाटे क्वेट्टा जमीनदोस्त झालं, हजारो माणसं मेली, आणि ती क्वार्टर्स उभी राहिली. सगळ्या भिंतींना एकत्र बांधा आणि डोक्यावरचं ओझं कमी करा, एवढंच या शास्त्राचं सार. रुरकीच्या आनंद आर्य सरांनी हयातभर हेच साध्या घरांसाठी सोपं करून सांगितलं. दगड-चिखलाच्या घरांसाठीचं वेगळं मानक, आयएस १३८२८, निघालं १९९३ मध्येच! योगायोग बघा.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा कार्यक्रम सुरू झाला. बावन्न गावं नव्या जागी वसवली. ज्यांची घरं पडली नव्हती, त्यांना दुरुस्ती आणि मजबुतीकरणासाठी अनुदान मिळालं. अशी घरं दीड लाखाहून जास्त. गावोगावी बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं. त्यांनी घरोघरी जाऊन समजावलं, ते काम मला फार मोलाचं वाटतं. आजीकडे आलेल्या तरुण इंजिनिअरने सांगितलं, माती कमी करा, भिंतीत ठिकठिकाणी आरपार भोक पाडून त्यात सळई टाकून काँक्रीट भरा, वर पट्टी घाला.

मामाने काय केलं? त्याच पैशात शेजारी सिमेंटची एक नवी खोली बांधली. मामाला नावं ठेवू नका, बहुतेकांनी हेच केलं. दगडाची भीती सगळ्यांच्या मनात बसली होती, आणि जुन्या भिंतीत पैसा घालायला कोणाचं मन होईना. पण घरातली सगळ्यात म्हातारी माणसं झोपायची त्या जुन्याच खोलीत. आजी म्हणायची, "त्या खोलीत तव्यावर झोपल्यावानी होतंय रं."

२००१ मध्ये भूज झालं तेव्हा मी नुकताच डिग्री घेऊन बाहेर पडलो होतो. उन्हाळ्यात आजोळी गेलो, माळवदावर चढलो आणि पहार घालून थर मोजला. दीड फूट. वहीत हिशोब केला. दहा बाय बाराच्या खोलीवर साधारण आठ टन! खाली आजी तांदूळ निवडत बसलेली.

तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लेकरा, ती माती माझ्या सासूनं टाकलीया. मी बी टाकलीया. तिला वझं म्हणतोस व्हय?"

यावर माझ्या वहीत उत्तर नव्हतं. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "जरा ठेव वरती, बाकी काढ." मी, मामा आणि दोन गडी, चार दिवस घमेली वाहत होतो. वीतभर माती ठेवली, खाली प्लास्टिकचा कागद अंथरला. भिंतीचं काम मात्र राहिलंच. पैसे नव्हते, आणि मलाही पुण्याला नोकरीवर रुजू व्हायचं होतं.

त्या उन्हाळ्यात घर तापलं. पावसाळ्यात एका कोपऱ्यात गळलं. आजी शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माज्या इंजिनेर नातवानं घर गळकं केलं!" २००९ मध्ये ती गेली, त्याच खोलीत, झोपेत, वयाने. भूकंप पुन्हा आला नाही.

माझ्या धंद्याचं हेच दुखणं आहे. आपण बरोबर होतो हे कळायला आधी काहीतरी वाईट घडावं लागतं. कुमारांची क्वार्टर्स तरली म्हणून त्यांचं नाव राहिलं. आजीच्या घराला परीक्षाच द्यावी लागली नाही, आणि मला त्याचा आनंदच आहे. गळक्या छताची बोलणी मी खुशाल खाईन.

राहून राहून भिंतीचं वाटतं. चार दिवस माती काढली, अजून चार दिवस थांबलो असतो तर...

असो. नातेवाईक मंडळी हे वाचतात म्हणून एकच विनंती. गावाकडे अजून कोणाचं माळवद असेल तर या दिवाळीला वर चढून थर मोजा. वीतभरापेक्षा जास्त भरला तर मला फोन करा. घमेलं घेऊन येतो. या वेळी भिंतीचं काम पण करून जाईन.