निकाहचा व्हिडिओ चालत नाही? लगेच डिलीट करू नका

पेनड्राइव्ह लावला, आवाज येतोय पण पडदा काळा. आपल्या उमरेडमध्येही लोक लगेच म्हणतात, फाइल खराब झाली. बहुतेक वेळा तसं नसतं. एमपी४ हा नुसता डबा. आतलं चित्र एच.२६४ किंवा एच.२६५ (२०१३ पासूनची) पद्धतीने दाबून भरलेलं असतं. कम्प्युटरमध्ये एच.२६५ उलगडणारा कोडेक नसला की चित्र दिसत नाही. व्हीएलसी हा मोफत प्लेअर आपले कोडेक सोबतच आणतो, त्यात लावून बघा. आमच्या मरहूम अम्मी दुआ करताना दिसतात ती एकुलती एक फाइल भाऊ डिलीट करायला निघाला होता. व्हीएलसीत पूर्ण चालली!

चित्र अडकत असेल तर जुन्या मशीनला एच.२६५ झेपत नाही. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरने फाइल एच.२६४ मध्ये बदला.

एडिटिंगमध्ये खुतब्याचा आवाज पुढे आणि ओठ मागे, ही तक्रार मोबाइलच्या रेकॉर्डिंगची. फोन दर सेकंदाला सारख्या फ्रेम घेतोच असं नाही. हँडब्रेकमध्येच ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून नवी फाइल करा, मग कापाकापी. मूळ फाइल आधी दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून ठेवा.