ट्रकचा श्वास आणि धुळीचे मोल
1954 साली टाटा आणि डेमलर-बेंझ यांच्या सहकार्याने जमशेदपुरात ट्रकनिर्मिती सुरू झाली. त्या काळी धूळ तेलात अडकवणारे ‘ऑइल बाथ’ एअर क्लीनर सर्वत्र रूढ होते. पुढे त्यांची जागा कागदी फिल्टरने घेतली. बाजारात ‘मोकळे’ फिल्टर आले आणि जास्त हवा म्हणजे जास्त ताकद, हा समज पसरला. परंतु डिझेल इंजिनात हवा सहसा गरजेहून अधिकच असते. शक्ती ठरते ती इंधनाच्या मात्रेवर. त्यामुळे खरा लाभ तुंबलेला फिल्टर बदलण्यात आहे. 1 एप्रिल 2020 पासूनच्या भारत स्टेज-6 ट्रकांत तर हे गणित सेन्सरच सांभाळतात. विरळ जाळीतून निसटलेली धूळ मात्र सिलिंडर झिजवते. ट्रक हेच ज्याचे भांडवल, त्याला हा हव्यास महागात पडतो.