वाघ्या: एका प्रतीक्षेचा इतिहास

एखादी वास्तू उभी राहावी म्हणून माणसे वाट पाहतात, हे आपल्या परिचयाचे आहे. उभी असलेली वास्तू नाहीशी व्हावी म्हणूनही माणसे वर्षानुवर्षे वाट पाहतात. या दुसऱ्या प्रतीक्षेचा इतिहास मात्र सहसा लिहिला जात नाही. रायगडावर शिवछत्रपतींच्या समाधीशेजारी उंच चौथऱ्यावर जो कुत्रा बसलेला आहे, त्याच्याभोवती अशी एक प्रतीक्षा गेली अनेक वर्षे साचत आली आहे. गडकोटांवर मनापासून प्रेम करणाऱ्या कित्येकांना तो तिथे नको आहे, आणि तितक्याच मनापासून काहींना तो तिथेच हवा आहे.

आम्ही राहतो ते नेरे पनवेल तालुक्यातले, प्रबळगडाच्या आसमंतातले गाव. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव बदलून रायगड झाले, तेव्हापासून हा किल्ला आमच्या टपालाच्या पत्त्यातच येऊन बसला. आमच्या वर्गातली मुले ६ जूनच्या राज्याभिषेकदिनाला महाडमार्गे पाचाडला जातात, रात्रीच गड चढतात आणि परत आली की विचारतात, ‘तो कुत्रा खरा होता का?’ प्रश्न साधा दिसतो, पण त्यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. कुत्रा होता का, हा पहिला. त्याचा पुतळा कुठून आला, हा दुसरा. आणि आता त्याचे काय करावे, हा तिसरा. बहुतेक वादंग या तिन्हींची सरमिसळ झाल्यामुळे माजते, असे आमचे मत आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यातल्या त्यात सोपे. महाराजांचे निधन ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर झाले. चितेत उडी घेणाऱ्या इमानी कुत्र्याची कथा आज घरोघरी माहीत आहे. पण समकालीन साधनांत तिला आधार सापडत नाही. महाराजांच्या पदरी राहिलेल्या सभासदाने राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून बखर लिहिली. तिच्यातही हा कुत्रा नाही. साधनांचे मौन म्हणजे अभावाचा निर्णायक पुरावा नव्हे, हे खरे. तथापि ज्या गोष्टीला पुरावा नाही ती इतिहास म्हणून सांगता येत नाही, ती कथा म्हणूनच सांगावी लागते.

दुसरा प्रश्न आम्हा मराठीच्या अध्यापकांच्या अधिक जवळचा आहे, कारण त्याची वाट साहित्यातून जाते. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले, तेव्हा ‘राजसंन्यास’ हे त्यांचे नाटक अपुरेच राहिले होते. त्या नाटकाच्या अर्पणपत्रिकेत हा कुत्रा आहे. गडकऱ्यांच्या प्रतिभेला इमानाचे जे रूप दिसले ते त्यांनी अतिशय उत्कट भाषेत मांडले, आणि त्या काळातल्या वाचकांच्या मनात ते खोल रुजले. याच सुमारास समाधीच्या जीर्णोद्धाराचे काम चालू होते. १८९५ साली लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने सुरू झालेली स्मारकाची चळवळ प्रत्यक्ष दगडामातीत उतरायला १९२० चे दशक उजाडावे लागले. त्यानंतर, १९३६ च्या सुमारास, शेजारी वाघ्याचा पुतळा उभा राहिला.

त्यासाठी इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी देणगी दिली, असे बहुतेक वृत्तान्त सांगतात. तुकोजीरावांनी १९२६ साली, बावला खून प्रकरणानंतर, गादी सोडलेली होती. शिवस्मारकाला उघड मदत केली तर इंग्रजांची खप्पामर्जी होईल, म्हणून ती कुत्र्याच्या नावाने दिली, अशी एक कथा आहे. त्यांचा आवडता कुत्रा नुकताच मेला होता, अशी दुसरी. दोन्ही कथांत दात्याची अडचण आणि त्याचा लळा यांचे मिश्रण आहे. या देणगीमुळेच धनगर समाजातील अनेकांना हा पुतळा होळकरांच्या शिवभक्तीची खूण वाटतो. ‘कुत्रा काल्पनिक आहे’ एवढे म्हटल्याने त्यांचे समाधान होत नाही, कारण त्यांच्या दृष्टीने प्रश्न कुत्र्याचा नसून दात्याच्या स्मृतीचा आहे.

इथे एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. टोकियोच्या शिबुया स्थानकाबाहेर मेलेल्या धन्याची वाट पाहणाऱ्या हाचिको या कुत्र्याचा पुतळा बसला तो १९३४ साली. युद्धात धातूसाठी तो वितळवला गेला आणि १९४८ साली पुन्हा उभारला गेला. त्याच्या कितीतरी आधी एडिंबरात ग्रेफ्रायर्स बॉबीचे स्मारक झाले होते. इमानी कुत्र्यात राष्ट्राची किंवा नगराची निष्ठा पाहण्याची ही एक आधुनिक रीत आहे. वाघ्या सतराव्या शतकाबद्दल आपल्याला फारसे काही सांगत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मराठी मनाबद्दल मात्र पुष्कळ सांगतो.

आता तिसरा प्रश्न. ऑगस्ट २०१२ मध्ये संभाजी ब्रिगेडच्या कार्यकर्त्यांनी हा पुतळा चौथऱ्यावरून उखडला. निषेध झाला, अटका झाल्या, आणि थोड्याच दिवसांत तो पोलीस बंदोबस्तात पुन्हा बसवला गेला. त्यानंतर ३ जानेवारी २०१७ च्या पहाटे पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा अर्धपुतळा उखडून मुठेत टाकण्यात आला. त्यामागचे कारणही ‘राजसंन्यास’च होते, त्यातले संभाजीराजांचे चित्रण. एका अपुऱ्या नाटकामुळे दोन पुतळे जागचे हलावेत, असे दुसरे उदाहरण मराठी साहित्यात आम्हाला आठवत नाही. त्या दोहोंपैकी कुत्रा परत आला. नाटककाराची शिक्षा आणि त्याच्या कल्पनेची शिक्षा वेगवेगळी ठरली, यावर विचार करणे आम्हाला आवश्यक वाटते.

मार्च २०२५ मध्ये संभाजीराजे छत्रपती यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून ३१ मे पूर्वी हे बांधकाम हटवावे, अशी मागणी केली. ३१ मे ही अहिल्यादेवी होळकरांची जयंती, आणि २०२५ चे वर्ष त्यांच्या त्रिशताब्दीचे. त्यामुळे वादाला आणखी धार आली. ती तारीख उलटून गेली, ६ जून आला नि गेला. वाघ्या जागेवरच राहिला. ११ जुलै २०२५ रोजी ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून ज्या १२ किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले, त्यांत रायगड आहे. म्हणजे प्रतीक्षेला आता जगाचेही साक्षीदार लाभले आहेत.

या घाईमागे कायद्याचेही एक कारण आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे अधिनियमानुसार किमान शंभर वर्षे अस्तित्वात असलेली वास्तू ‘प्राचीन’ ठरू शकते. तेवढ्याने तिला आपोआप संरक्षण मिळत नाही, पण १९३६ मध्ये शंभर मिळवले की २०३६ येते, आणि हटवू पाहणाऱ्यांच्या मनात ती तारीख आहे. आज ‘अलीकडचे अतिक्रमण’ म्हटली जाणारी गोष्ट काही वर्षांनी कायद्याच्या भाषेत ‘प्राचीन’ होऊ शकते. इतिहासाची व्याख्या केवळ दिनदर्शिकेवर सोपवली की असे होणारच.

अगदी वेगळ्या क्षेत्रातले उदाहरण घेऊ. अमेरिकेत फ्लोरिडातील डिस्नेच्या एका उद्यानात २००१ साली जादूगाराची १२२ फुटी टोपी उभारली गेली. तिने उद्यानाच्या मध्यवर्ती चिनी नाट्यगृहाचे दर्शन झाकले, म्हणून उद्यानाचे चाहते ती जाण्याची वर्षानुवर्षे वाट पाहत राहिले. २०१५ साली ती उतरवली गेली आणि ‘मूळ’ दृश्य परत आले. पण ते मूळ म्हणजे तरी काय? हॉलिवुडमधल्या एका चित्रपटगृहाची १९८९ साली केलेली नक्कल. करमणुकीचे उद्यान आणि रायगड यांची तुलना होऊच शकत नाही. परंतु ‘मधले काढले की मूळ दिसेल’ ही श्रद्धा दोन्हीकडे सारखीच आहे. रायगडावरही वाघ्या काढल्यावर जे दिसेल ते १६८० चे दृश्य नसेल. आज दिसणारी समाधीसुद्धा विसाव्या शतकातल्या जीर्णोद्धाराचे रूप घेऊन उभी आहे. फरक इतकाच, आणि तो मोठा आहे, की समाधीखाली घडलेला इतिहास आहे. वाघ्याच्या चौथऱ्याखाली सांगितलेली कथा आहे.

काढलेल्या गोष्टी पूर्णपणे जात नाहीत, हे मुंबईने दाखवून दिले आहे. १८७९ चा सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली हलवून राणीच्या बागेत नेला गेला. राजा गेला, पण जागेचे नाव काळा घोडाच राहिले, आणि २०१७ मध्ये तिथे स्वाराविना नवा घोडा आला.

आमचे मत विचाराल तर ते असे. समाधीच्या परिसरात पुराव्याला अग्रमान असावा, म्हणून वाघ्या तिथून सन्मानाने हलवला गेला तर आम्हाला दुःख होणार नाही. पण तो रात्रीतून जाऊ नये. आधी त्याची मोजमापे, छायाचित्रे, देणगीचे कागद यांची नीट नोंद व्हावी. होळकरांच्या साहाय्याची स्पष्ट दखल गडावरच घेतली जावी. आणि हलवण्याचा निर्णय पुरातत्त्व खात्याने कारणांसह, धनगर समाजाशी बोलून, जाहीरपणे घ्यावा. आणि तो तिथेच ठेवायचा ठरले, तर शेजारी मराठीत चार ओळींचा फलक हवा: ही कथा आहे, पुतळा १९३६ च्या सुमाराचा आहे.

जगदीश्वराच्या मंदिराची पायरी उतरताना हिरोजीच्या नावाचा लहानसा दगड पायाखाली येतो. ज्याने गड बांधला त्याने आपले नाव पायरीवर ठेवले. ज्याचा पुरावा नाही तो उंचावर बसला आहे. वर्गात आम्ही मुलांना हे दोन्ही दगड पाहायला सांगतो. कोणता हटवावा यावर ती तावातावाने भांडतात, आणि भांडता भांडता ‘हे कशावरून?’ असे एकमेकांना विचारू लागतात. २०३६ पर्यंत वाघ्या राहो वा जावो, हा प्रश्न विचारण्याची सवय राहिली पाहिजे.