सुप्याचे कागद

आमच्या घरात पैशाच्या तीन गोष्टी ठरलेल्या होत्या. कागदावर सही करायची नाही. केलेल्या कामाचं मोल तोंडानं मागायचं नाही, समोरचा देईल ते घ्यायचं. आणि ज्याच्याकडे चार पैसे जास्त, त्याच्या दारात फार वेळ थांबायचं नाही. भवानी पेठेतल्या दोन खोल्यांत हे कुणी कुणाला बसवून शिकवलं नाही, पण सगळ्यांना येत होतं. मी शिकले, नोकरीला लागले, तरी बँकेचा अर्ज भरताना हात जड व्हायचा. पगार किती अपेक्षित आहे, असं कुणी विचारलं की मी खाली बघायची. आपला स्वभावच असा, असं मी धरून चालले होते. आजीला आणि तिच्या पिढीतल्या बाकीच्यांना खोदून विचारायला लागले तेव्हा कळलं, की या स्वभावाला एक गाव आहे आणि तारीखही आहे. सुपे, 12 मे 1875.

आजीचं माहेर सुप्याच्या बाजूचं. त्या दिवशी तिचा आजा दहा-अकरा वर्षांचा पोर होता आणि बापाच्या मागं पळत बाजारात गेला होता. म्हातारपणी तो नातवंडांना सांगायचा ते थोडकंच असायचं. सावकाराच्या वह्या पेटल्या, धान्य लुटलं, मग शिपाई आले आणि बापाला धरून नेलं. गोष्टीचा शेवट तो नेहमी एकाच वाक्यानं करायचा, "कागुद वाईट, पोरांनो. कागदापायी गेलं सगळं." आजीनं ते वाक्य लग्नाच्या बोचक्याबरोबर पुण्यात आणलं.

म्हाताऱ्याच्या गोष्टीत नसलेलं बरंच काही मी पुढे वाचत गेले. 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडून उसनवारी दिली. 1865 ला युद्ध संपलं आणि भाव कोसळले. त्यातच 1867 पासून इंदापूर, भीमथडी या भागांत जमिनीची नवी आकारणी सुरू झाली. सारा भरमसाट वाढला आणि नेमक्या त्याच वेळी सावकारांनी हात आखडता घेतला. एवढ्यावरही माणूस तगला असता, पण खरी मेख निराळीच होती. 1859 च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जरोख्याला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू चांगला होता, व्याज वर्षानुवर्षं तुंबू नये असा. घडलं उलटंच. मुदत सरत आली की सावकार कुळाला बोलावायचा आणि थकलेलं व्याज मुद्दलात धरून नवा रोखा करून घ्यायचा.

उदाहरण म्हणून आकडा मांडून बघा. शंभर रुपये, दरमहा दोन टक्के. तीन वर्षांत बहात्तर रुपये व्याज, म्हणजे नवा रोखा एकशे बहात्तरचा. आणखी तीन वर्षं गेली की जवळजवळ दोनशे शहाण्णव. हातात आले होते शंभर, बाकी सगळं कागदावर वाढलं. खाली अंगठा आपला, आणि वरचं लिखाण आपल्याला वाचता येत नाही. फेडलेल्या पैशाची पावती नाही. हे गणित पहिल्यांदा स्वतः मांडलं तेव्हा मला आजीच्या आज्याचा फार अभिमान वाटला. कागद वाईट, असं तो उगीच म्हणत नव्हता.

पण त्याच्या गोष्टीतून एक मोठी गोष्ट गळाली होती, आणि ती गळाल्यानंच आमचं नुकसान झालं. शिरूर तालुक्यातल्या करडे गावात 1874 च्या डिसेंबरात सावकारानं हुकूमनामा आणला, तेव्हा गावानं दगड उचलला नाही. सावकारांची कामं बंद केली. न्हावी जाईना, पाणी भरणारा जाईना. पुढे मे महिन्यात सुप्यात भडका उडाला आणि पुणे-नगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरला, तेव्हाही लोकांनी मागितले ते कागद. जिथे सावकारानं रोखे काढून दिले तिथे लोक बहुतेक ठिकाणी ते जाळून माघारी फिरले, माणसांवर हात क्वचितच पडला. नऊशेहून जास्त माणसं पकडली गेली. आजीच्या आज्याचा बाप त्यात असेल किंवा नसेलही. त्याचं नाव कुठे नोंदलेलं मला मिळालेलं नाही.

त्या माणसांना पैशाचा व्यवहार कळत नव्हता, असं आता कुणी म्हणालं तर मी ऐकून घेत नाही. अक्षरओळख नसलेल्या माणसांना सावकाराच्या घरातल्या शंभर वस्तूंमधून आपल्या गळ्याभोवतीची नेमकी वस्तू ओळखता आली. शिवाय या दंग्यानंतर 1879 ला डेक्कनच्या शेतकऱ्यांच्या दिलाशाचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांत तो लागू झाला. रोख्यामागचा सगळा इतिहास उकरून बघण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला आणि कुळाला पावतीचा, वर्षाच्या हिशोबाचा, पासबुकाचा हक्क मिळाला. पासबुक म्हणजे आमच्या लोकांनी भोगून मिळवलेली वस्तू. म्हाताऱ्यानं ही बाजू सांगितली असती, तर आजी बँकेच्या दारात पदर सावरत मागे सरली नसती.

याच सुमारास पुण्यात जोतीराव फुले काय करत होते, हेही मला घरात कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या भिंतीवर त्यांचा फोटो होता. शाळा काढणारे, 1873 ला सत्यशोधक समाज काढणारे जोतीराव आम्हाला माहीत होते. पण ते कंत्राटदार होते, ओतकामाच्या साधनांची एजन्सी त्यांच्याकडे होती, पुण्याजवळच्या धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवला, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. कोर्टकचेरीत शेतकऱ्याला कसं नाडलं जातं ते 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये लिहिणारा माणूस स्वतः निविदा भरत होता आणि नफा मिळवत होता. समाजकार्याचा खर्च त्या कमाईतूनही भागत होता. पैसा हाती आला की माणूस सावकारच होतो, ही आमच्या घरातली समजूत त्या फोटोखाली बसूनच आम्ही जपली.

आजोबा भुसार बाजारात हमाल होते. पाठीवर शंभर किलोची पोती वाहायची आणि अडीनडीला उचल घ्यायची. उचल किती झाली आणि किती फिटली, ते पेढीवरच्या वहीत. विचारायची सोय नव्हती असं नाही. ते विचारायचेच नाहीत. बाबा आढावांनी पन्नासच्या दशकात हमाल पंचायत उभी केली, 1969 ला माथाडी कायदा झाला, पुढे त्या कायद्याखालची मंडळं आली, मजुरी मंडळातून मिळायला लागली आणि मालकाकडून लेव्ही, फंड, ग्रॅच्युइटी सुरू झाली. आजोबांच्या नावावर दर महिन्याला पैसे जमत गेले. त्यांनी ते कधी पाहिले नाहीत. काम थांबलं तेव्हा फंडाची रक्कम आली. वडील सांगतात, आजोबा कितीतरी वेळ ती चिठ्ठी हातात धरून बसले होते. मग त्यांनी विचारलं, "ह्ये माझंच का? परत द्यावं लागंल का?"

या प्रश्नावर घरात हसू झालं असं मी ऐकलं आहे. मला त्यात हसण्यासारखं काही सापडत नाही. उचलीखेरीज दुसरा पैसा ज्यानं पाहिलाच नाही, त्यानं अजून काय विचारायचं?

आजोबांच्या बहिणीची, आत्याआजीची, गोष्ट याच्या अगदी उलटी आहे. ती शनिवार पेठेत नदीकडच्या वाड्यात राहायची. नवरा छापखान्यात. घरची पुंजी तांदळाच्या डब्यात तळाशी, कापडात बांधलेली. माहेरची शिकवणच ती होती. नवऱ्यानं मात्र बायकोचा विरोध असताना लष्कराच्या बाजूला एका बँकेत खातं काढलं होतं. 12 जुलै 1961 ला सकाळी पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली. पाणी वाड्यात शिरलं तेव्हा ती पोरांना घेऊन नेसत्या लुगड्यानिशी निघाली. परतली तेव्हा डबा, तांदूळ, भिंत काहीच जागेवर नव्हतं. पासबुकही चिखलात गेलं होतं. चार-आठ दिवसांनी नवरा बँकेत गेला आणि येऊन म्हणाला, "आकडा जागेवर आहे." आत्याआजीचा विश्वास बसेना. स्वतः जाऊन, कारकुनाला वही उघडायला लावून, नवऱ्याच्या नावापुढचा आकडा बोटानं दाखवून घेतला तेव्हा ती रडली. ज्या कागदाला ती भीत होती, त्याच कागदानं तिचं घर उभं करून दिलं. पुढे तिनं आपल्या तिन्ही सुनांची खाती काढून दिली. ही गोष्ट आमच्या दोन खोल्यांत पुराची गोष्ट म्हणून सांगितली जायची. बँकेचा भाग तेवढा वगळून.

माझ्या ध्यानात आलं ते हे, की घरात भीतीची गोष्ट शब्द न शब्द टिकते आणि सुटकेची गोष्ट अर्धी होऊन पोचते. म्हणून पैशाची कुठलीही समजूत मनात उठली की मी विचारते: हे कुणाचं वाक्य? त्याच्यावर तेव्हा काय बेतलं होतं? आणि ते बेतल्यावर पुढे काय झालं? तिसऱ्या प्रश्नाला सहसा घरात उत्तर नसतं. ते नातेवाइकांकडे, जुन्या शेजाऱ्यांकडे, कधी ग्रंथालयात शोधावं लागतं.

आईच्या बाबतीत हे कामाला आलं. ती पोळ्या करून द्यायची. पीठ वाढलं, तेल वाढलं, सिलिंडर वाढला, पण पोळीचा भाव तिनं वर्षानुवर्षं हलवला नाही. "लोकांच्या घासावर पैसं वाढवायचं, मग सावकारात नि आपल्यात काय राहिलं?" मी तिला सुप्याची गोष्ट पुरी सांगितली. लोक चिडले होते ते हिशोब दडवून ठेवल्यामुळे, भाव सांगितल्यामुळे नव्हे. तू तर सगळं उघड सांगतेस. तिनं काही उत्तर दिलं नाही. पण त्या आठवड्यात पाठकोऱ्या कागदावर तिनं पीठ, तेल, गॅस, मीठ लिहिलं, आणि सगळ्यात खाली, बऱ्याच विचारानंतर, आपले तास. तासांचा दर तिनं माझ्याकडून लिहवून घेतला, स्वतः लिहिताना तिचा हात थांबत होता. भाव वाढला. एक गिऱ्हाईक तुटलं, बाकीची राहिली. पुढे वस्तीतल्या बचत गटात तिनं पहिली सही केली. तिथे दर बैठकीत कुणी किती भरले आणि कुणी किती घेतले ते मोठ्यानं वाचून दाखवतात. हे वाचून दाखवणं तिला सगळ्यात आवडतं.

मात्र आजीची भीती मी टाकून दिलेली नाही. मोबाइलवर दोन मिनिटांत कर्ज देणारी ॲप आली आहेत. वसुलीसाठी ओळखीच्यांना फोन करून माणसाची अब्रू काढणारे त्यांत निघाले, हे सगळ्यांनी वाचलं आहे. अशा वेळी "कागुद वाईट" हे वाक्य शहाणपणाचंच ठरतं, फक्त त्याच्या पुढे "वाचल्याशिवाय" असं जोडावं लागतं.

गेल्या वर्षी भाच्यानं कर्ज काढून टेम्पो घ्यायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं 1 ऑक्टोबर 2024 पासून अशा कर्जाआधी कर्ज देणाऱ्या संस्थेनं मुख्य अटींचा कागद द्यायचा असतो, सगळे खर्च धरून वर्षाचा व्याजदर त्यात लिहायचा असतो, आणि तो कर्जदाराला समजेल अशा भाषेत असला पाहिजे. भाच्यापुढे इंग्रजी कागद आला. त्यानं मराठीत मागितला. आधी नाही म्हणाले, मग दिला. कागद घेऊन तो घरी आला आणि आईसमोर बसून एकेक ओळ वाचायला लागला. प्रोसेसिंग फी, विमा, हप्ता. आई निवडत असलेली मेथी बाजूला ठेवून ऐकत होती. तो शेवटाकडे आला तेव्हा तिनं त्याला थांबवलं.

"हप्ता चुकला तर दंड लावतात ना? तो दंड मुद्दलात मिसळतात का रे?"

रिझर्व्ह बँकेच्याच दुसऱ्या एका नियमानं दंडावर पुढे व्याज लावता येत नाही. पण आईनं तो नियम वाचला नव्हता. भाचा मागे गेला आणि दंडाचं कलम शोधायला लागला. "मिळालं," तो म्हणाला, "लिहिलंय, मिसळत नाहीत." आई म्हणाली, "मग त्या ओळीखाली रेघ मार, आणि उद्या सही करताना त्यांना दाखव."