कंठ्य व्यंजने

पडजिभेपासून स्वरयंत्रापर्यंतच्या पोकळीत श्वासास अवरोध होऊन उत्पन्न होणारी व्यंजने. संस्कृत वैयाकरणांनी क-वर्ग, हकार व विसर्ग यांस कंठ हे एकच स्थान नेमून दिले असले, तरी क-वर्गाच्या उच्चारणात जिव्हेचा मागील भाग मृदुतालूस टेकतो आणि हकार स्वरयंत्राच्या मुखाशी उपजतो. ही तफावत प्राचीनांच्या नजरेतून सुटलेली नव्हती, म्हणूनच काही प्रातिशाख्यकारांनी क-वर्ग जिह्वामूलाच्या हवाली केला आहे.

या ध्वनींचा खरा विस्तार पाहावा तो अरबीत. इसवी सनाच्या ८ व्या शतकात बसरा येथील वैयाकरण सीबवैह याने कंठाचे तीन भाग कल्पून सर्वांत खोल भागी हम्जा (कंठद्वार क्षणभर मिटून होणारा स्पर्श) व साधा हकार, मध्यभागी ऐन व त्याचा अघोष जोडीदार ‘हा’, आणि मुखालगत गैन व खे अशी वाटणी केली. त्याचे गुरू अल्-खलील यांनी तर आपल्या शब्दकोशाचा क्रमच कंठाकडून ओठांकडे लावून ऐनला अग्रमान दिला, व तो कोश त्याच वर्णाच्या नावाने ओळखला जातो. ऐन उच्चारताना जिव्हेचे मूळ घशाच्या मागील भिंतीकडे ओढले जाऊन घसा आवळतो, परंतु नाद खंडित होत नाही, आणि लगतचा स्वर पिळवटून निघाल्यासारखा ऐकू येतो. हाच व्यापार नादावाचून केला म्हणजे ‘हा’ सिद्ध होतो, ज्यास आपल्या हकाराशी एकरूप मानणे सर्वथा गैर होय. ऐनने आरंभ होणारा ‘अमल’ म्हणजे कार्य, तर हम्जाने आरंभ होणारा ‘अमल’ म्हणजे आशा. इतका अर्थभार या एका आवळण्यावर आहे. पडजिभेशी होणारा काफ मात्र अस्थिर असून, कैरोच्या बोलीत त्याचा हम्जा आणि बेदुइनांच्या बोलींत बहुधा गकार होतो.

हिब्रूतील ऐन येमेनी यहुद्यांनी पठणात जतन केला, इस्राएलच्या प्रचलित बोलीत तो बहुतांशी लोपला. माल्टीत त्याचे चिन्ह लेखनात उरले आहे. हम्जासारखा कंठद्वार मिटून होणारा स्पर्श हवाई भाषेत स्वतंत्र वर्ण मानतात.

मराठीत अरबी शब्द मुख्यत्वे फारसीच्या द्वारे आले, आणि फारसीनेच ऐनचे कंठ्यत्व टाकून दिलेले असल्यामुळे ‘अर्ज’ व ‘अंमल’ यांत तो निमूट गळाला, ‘दावा’, ‘मामला’, ‘तालुका’ यांत त्याच्या जागी आकार राहिला, आणि ‘कायदा’, ‘कलम’, ‘हक्क’ यांतील काफ आपल्या ककारात मिसळून गेला.